टेबल मधोमध नको

गुण्या मिस्त्रीचं काम सरळ आणि बोलणं तिरकं, हे पोराटोरांनाही ठाऊक होतं. त्यानं जोडलेल्या कोपऱ्याला काटकोन तपासायचा गुण्या लावा, मधे केस शिरायचा नाही. नाव पडलं ते त्यावरूनच. पण त्यानं सांगितलेल्या गोष्टीत हत्ती शिरेल एवढी फट. एकदा त्यानं कोपऱ्यावरच्या शिंप्याला पटवलं होतं, की नव्या लाकडाजवळ शिट्टी वाजवली तर ते आकसतं. शिंप्याचं काउंटर नवंकोरं. तो महिनाभर गिऱ्हाइकांना ओठांवर बोट ठेवायला लावत होता, आणि गुण्या रोज सकाळी दुकानासमोरून शिट्टी वाजवत जायचा.

असा हा माणूस त्या गुरुवारी हेडबाईंच्या मागच्या अंगणात शिरला, तीन पावलं चालला, आणि चौथं पाऊल उचललं ते तसंच अधांतरी ठेवून उभा राहिला. बगळा उभा राहतो तसा.

"काय झालं मिस्त्री? पायात काटा?" हेडबाईंनी विचारलं.

"नाही बाई. मोजतोय."

"एका पायावर?"

"दुसरा पाय लागला की माप चुकतं."

स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली सूनबाई फिस्सकन हसली. गुण्याही हसला. पण त्यानं पाय खाली टेकवला नाही. गल्लीतून येताना त्याला घर ओळखू आलं नव्हतं. वर एक मजला चढला होता, रंग बदलला होता. पण मागची ती पोट सुटल्यासारखी फुगलेली भिंत, त्या दोन पायऱ्या आणि ही तांबडी फरशी? ही फरशी त्यानं स्वतःच्या हातानं बसवली होती. बावीस वर्षांपूर्वी. आणि फरशीच्या खाली काय होतं, ते जगात दोनच माणसांना माहीत होतं. एक तो आणि दुसरा त्याचा दादा.

खाली काहीच नव्हतं. तीच तर गोम होती.

त्या काळात घरोघरी नळ आले आणि जुन्या विहिरी बुजवायची कामं निघाली. दादानं ठेका घेतला. विहीर बुजवायची म्हणजे ट्रकच्या ट्रक दगडमाती ओतायची. दादानं ट्रक कागदावर ओतले. विहिरीच्या तोंडावर मात्र टाकली जुनी दारं, त्यावर चार सळ्या आणि तीन बोटं जाडीचा काँक्रीटचा थर. वरून फरशी. "झाकली मूठ," दादा म्हणाला होता, आणि दोघंही पोट धरून हसले होते. गुण्या तेव्हा एकवीस वर्षांचा. जगाला शेंडी लावण्यासारखी मजा दुसरी नाही असं वाटायचं वय.

आता त्याच झाकणावर हेडबाईंची चार वर्षांची नात, चिमणी, लंगडी घालत होती. धप्. धप्. धप्. अंगणाच्या कडेला आवाज ठस्स यायचा. मधोमध आली की ढोलाच्या पोटातून यावा तसा.

"चिमे, आत ये गं," गुण्या म्हणाला.

"तू कोण मला सांगणार?" चिमणी म्हणाली.

हेडबाई हे त्यांचं नाव नव्हे, पण चाळीस वर्षांच्या नोकरीत शेवटची पंधरा मुख्याध्यापिका होत्या, तेव्हा दुसरं नाव कुणाला आठवत असेल तर शपथ. निवृत्त होऊन सात वर्षं झाल्यावर, दोन महिन्यांपूर्वी त्यांनी हे घर घेतलं आणि सून-नातीला घेऊन राहायला आल्या. मुलगा बोटीवर, सहा सहा महिने पाण्यात. हेडबाईंना अंगणात बसायची जागा करायची होती. साधीसुधी नाही. पुढच्या महिन्यात, पहिल्या रविवारी, त्यांच्या तिघी बहिणी लेकरा-नातवंडांसकट येणार होत्या. बावीस माणसं.

"अकरा वर्षं झाली मिस्त्री, आम्ही चौघी एका टेबलाला बसून. काहीतरी खुसपट निघालं आणि राहिलंच. आता थोरली ऐंशीला आली. मला एक लांबलचक टेबल पाहिजे. अगदी इथं. मधोमध."

त्यांनी चपलेचा अंगठा बरोब्बर त्या जागेवर आपटला. गुण्यानं डोळे मिटले.

काम नाही म्हणावं आणि सटकावं, असा विचार आला होता. पण तो गेला असता तर दुसरा मिस्त्री आला असता, आणि दुसऱ्यानं टेबल मधोमधच ठेवलं असतं. म्हणून गुण्यानं खिशातून खडू काढला.

त्याची एक पद्धत होती. लाकडाला करवत लावायच्या आधी तो सगळं सामान खऱ्या मापात जमिनीवर खडूनं आखायचा, खुर्च्यांच्या जागी पुठ्ठे कापून ठेवायचा, आणि घरच्यांना सांगायचा: दोन दिवस या खडूच्या फर्निचरात राहा. टेबलाला वळसा घालून जा. पुठ्ठ्यावर बसा, उठा. खुर्चीच्या मागं अडीच फूट मोकळं पाहिजे, कारण जेवण झालं की माणूस मागं सरकतोच. ज्याला खडूच्या टेबलाची ठेच लागली, त्याला खऱ्याची लागणार. आजवर या पद्धतीनं एकदाही दगा दिला नव्हता.

त्यानं टेबल आखलं उजव्या भिंतीला चिकटवून. बाकं डाव्या कडेनं. मधली जागा कोरी.

शनिवारी येऊन बघतो तर टेबल मधोमध. हेडबाईंनी ओल्या फडक्यानं त्याच्या रेघा पुसल्या होत्या आणि पट्टी लावून, शिक्षिकेच्या सुवाच्य हातानं, नवं टेबल आखलं होतं. चिमणीनं त्यात एक ते आठ आकडे घालून लंगडीची घरं केली होती.

"बाई, मधे ऊन लागेल."

"पाच वाजता भिंतीची सावली बरोबर इथं येते. आठ दिवस वेळा लिहून ठेवल्यात मी." त्यांनी वही उघडून दाखवली.

"वारा फार. ताटं उडतील."

"तिन्ही बाजूंनी भिंत. वारा काय शिडी लावून येणार?"

"शेजारचे आजोबा गच्चीवरून सगळं बघतात हो."

"त्यांना दोन हातांवरचं दिसत नाही. काल मला ते वॉचमन समजले."

गुण्यानं ओठ चाटले. "बाई, खरं सांगू? मधोमध टेबल असलं की घरात भांडणं होतात. माझा तीस वर्षांचा अनुभव."

"आमच्याकडे टेबल नसतानासुद्धा व्यवस्थित होतात," सूनबाई म्हणाली.

हेडबाईंनी चष्म्याच्या वरून त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेखाली चाळीस वर्षांत किती पोरांनी कबुलीजबाब दिले असतील, देवच जाणे. "चार कारणं झाली मिस्त्री. चारही खोटी. चार कारणं देणाऱ्या पोराकडे खरं कारण पाचवं असतं. बोला."

पाचवं गुण्याच्या जिभेच्या टोकावर होतं. तेवढ्यात त्याला दादाचा चेहरा दिसला. आईबाप गेल्यावर ज्यानं त्याला वाढवलं, तो दादा. आणि कामाच्या कागदावर साक्षीदार म्हणून केलेली स्वतःची वळणदार सही.

"उद्या सांगतो," तो म्हणाला.

संध्याकाळी त्यानं दादाला फोन लावला.

"कुठलं घर?" दादा म्हणाला. गुण्यानं सांगितल्यावर त्यानं विचारलं, "बावीस वर्षं काही झालं का?"

"नाही."

"मग? तू कशाला उकरतोस? लाकूडकाम कर आणि ये घरी."

"दादा, त्यावर पोरगी उड्या मारते. बावीस माणसं बसणार आहेत."

"मग बसू देऊ नकोस. एवढ्या जन्माच्या थापा मारल्यास, एक आणखी मार. मला यात ओढू नकोस, सांगून ठेवतो. मोठा आहे मी तुझा." आणि फोन ठेवला.

रात्रभर कूस बदलून पहाटे गुण्याला युक्ती सुचली, आणि ती इतकी झकास होती की तो अंथरुणात उठून टाळी वाजवून हसला. माणसाला 'इथं बसू नको' म्हटलं की तो तिथंच बसतो. पण झाडावर कोण बसतं? मधोमध एक भलाथोरला गोल लाकडी वाफा. पाच फूट रुंद, दोन फूट उंच. त्यात लिंबाचं झाड, भोवती फुलं. आणि कडेकडेनं, भिंतीला धरून, बाकं आणि बारकी टेबलं. पोरगी तिथं उड्या मारणार नाही, पाहुणे तिथं उभे राहणार नाहीत. साप मरेल आणि काठीही वाचेल.

त्यानं वाफ्याचा गोल आखला, आणि हेडबाई पहिल्यांदाच गप्प राहून बघत राहिल्या.

"म्हणजे सगळ्यांची तोंडं एकमेकांकडे," त्या सावकाश म्हणाल्या. "आणि मधे झाड. एका टेबलापेक्षा बरं. थोरली आणि धाकटी समोरासमोर यायला नकोत, झाड आडवं येईल." त्या चक्क हसल्या. "हे आधी का नाही सांगितलंत? हेच होतं का पाचवं?"

"हेच होतं बाई."

गुण्यानं जीव ओतून काम केलं. वाफ्याला आतून डांबर फासलं, बाकांच्या पाठी हातानं घासल्या. माती भरायला टेम्पोच्या दोन खेपा लागल्या. बाकं जागेवर लावून त्यानं पाणसळ ठेवली; बुडबुडा दोन रेघांच्या मधे येऊन झोपला. त्या दिवशी तो घरी गेला तो शिट्टी वाजवत. झाकली मूठ आणखी घट्ट झाली होती, आणि वर फुलंसुद्धा लागणार होती.

मग पाहुण्यांच्या रविवारी सकाळी सूनबाईचा फोन.

"काका, बाकं डुगडुगतायत."

"कुठलं?"

"सगळी."

गुण्याच्या वर्मी बाण लागला. त्याचं बाक डुगडुगतं? त्याच्या बाकावर पाण्यानं काठोकाठ भरलेला पेला ठेवून नाचावं! "पाय वाकडे नसतील, बसणारे असतील," असं पुटपुटत तो दहा वाजता हजर झाला. पाहुणे अकराला यायचे होते. अंगणात रंगीत चादरी घातल्या होत्या, सूनबाई पेले पुसत होती, हेडबाई इस्त्रीची साडी नेसून वहीत कोण कुठं बसेल ते लिहीत होत्या.

त्यानं पहिल्या बाकावर पाणसळ ठेवली. बुडबुडा भिंतीकडं पळाला. दुसऱ्यावर ठेवली. तोही भिंतीकडं. समोरच्या बाजूला जाऊन ठेवली, आणि तिथला बुडबुडा समोरच्या भिंतीकडं पळाला.

म्हणजे बाकं वाकडी नव्हती. अंगण चारी बाजूंनी मधे उतरत होतं.

"एक गंमत झालीय काका," सूनबाई कौतुकानं म्हणाली. "कुठंही पाणी सांडलं की आपोआप वाफ्याकडं जातं. झाडाला वेगळं घालावंच लागत नाही. तुम्ही मुद्दाम तसा उतार दिलात ना?"

चिमणी पायरीवर बसून गोट्या सोडत होती. गोटी फरशीवरून हळूच निघायची, मग वेग धरायची, आणि वाफ्याच्या बुडाशी जाऊन नाहीशी व्हायची.

"बघ मिस्त्रीकाका, परत येतच नाहीत."

गुण्या गुडघ्यांवर बसला. वाफ्याच्या बुडाशी फरशीचा सांधा उकलला होता. मूठ जाईल एवढा. त्यानं कान लावला. आतून आवाज येत होता. पोत्याला भोक पडून धान्य सांडावं तसा, सर्‌सर्, थांबून थांबून.

आणि मग त्याच्या डोक्यात ते आलं, जे महिनाभरापूर्वी यायला हवं होतं. तो फर्निचरवाला. जागा म्हटली की त्याला माणसाचे पाय दिसायचे: कुठून चालेल, कुठं ठेचाळेल. वजन त्यानं मोजलंच नव्हतं. चार वर्षांच्या पोरीच्या उड्या थांबवायला त्यानं त्या कुजक्या दारांवर दोन टन ओली माती नेऊन ठेवली होती. आणि रोज पाणी घालायला सांगितलं होतं.

पाचावर धारण बसणं म्हणजे काय, ते त्याला वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी कळलं.

"बाई," तो उठला. आवाज फाटला होता. "सगळे आत चला. पाहुण्यांना फोन करा, येऊ नका म्हणावं. याच्याखाली विहीर आहे."

हेडबाईंनी वहीतून मान वर केली नाही. "सहावं."

"काय?"

"सहावं कारण. आता काय, वाफाही हलवायचा? मिस्त्री, अर्ध्या तासात बावीस माणसं येतायत. मस्करी पुरे. विहीर होती, मला माहीत आहे. ती भरल्याचा कागद आहे घराच्या फाइलीत."

"त्या कागदावर साक्षीदाराची सही आहे. ती माझी आहे."

आता मात्र त्यांनी मान वर केली. "भरताना तुम्ही होतात?"

"भरलीच नाही बाई! दारं टाकली वर आणि झाकली. मी आणि दादानं."

"लावा त्यांना फोन."

त्यानं लावला. आवाज मोठा केला. "दादा, मी बाईंच्या अंगणात उभा आहे. सांग त्यांना. खाली पोकळ आहे ते सांग. तुझ्या पाया पडतो."

पलीकडून दादा मोकळेपणानं हसला. असं गोड, मायाळू हसू की ऐकणाऱ्याचा जीव लागावा. "नमस्कार बाई. माफ करा हं. माझा भाऊ लहानपणापासून थापाड्या आहे. शाळेत असताना मी मेलो म्हणून सांगून त्यानं आठवडाभर सुट्टी घेतली होती. कुणालाही विचारा. विहीर मी स्वतः उभं राहून भरून घेतलीय. चाळीस ट्रक."

शाळेची गोष्ट खरी होती. हीच तर पंचाईत.

हेडबाईंनी फोन त्याच्या हातात परत दिला. "या आता. बाकांचं उद्या बघू."

गल्लीच्या तोंडाशी गाडीचा हॉर्न वाजला. मागोमाग दुसरा. चिमणी "आल्या, आल्या!" करत पायरीवरून उठली, आणि गुण्यानं काही न बोलता तिला कमरेत उचलून स्वयंपाकघरात सोडली, सूनबाईलाही ढकललं आणि बाहेरून कडी घातली. आतून सूनबाईचा आरडाओरडा सुरू झाला.

"वेड लागलं का तुम्हाला?" हेडबाई गरजल्या. "उघडा ते दार! आत्ता!"

"उघडतो. आधी हे करा." त्यानं पट्ट्यातला पाच मीटरचा टेप काढला आणि त्यांच्या हातात दिला. "मी हात लावत नाही, नाहीतर म्हणाल त्यानं काहीतरी केलं. या फटीत सोडा. चाळीस ट्रक माती असेल तर वितीवर अडकेल. अडकला तर मला पोलिसात द्या. कडेला पोटावर झोपून सोडा बाई. उभ्यानं नको."

का कोण जाणे, पण त्या झोपल्या. इस्त्रीची साडी, पिकलेले केस, त्या फरशीवर पालथ्या. चाळीस वर्षं खोटं बोलणारी तोंडं वाचल्यावर खरं बोलणारं तोंड दिसलं तर ओळखू येत असावं. त्यांनी टेपचं टोक फटीत घातलं.

एक मीटर. टेप गुळगुळीत खाली गेला. दोन. काहीतरी खरवडलं, कुजकं लाकूड असावं, आणि सुटलं. तीन. चार. पाच मीटरवर टेप संपला, डबीला झटका बसला, आणि टोक तळाशी कुठंच न टेकता खाली अंधारात झुलत राहिलं. फटीतून गार, शिळी, बंद घराची हवा त्यांच्या चेहऱ्यावर आली.

टेप त्यांनी तसाच सोडून दिला. मग खूप खालून एक बारीकसा, ओला आवाज आला.

"मागं सरका बाई. हळू. गुडघ्यांवर नको, पोटावरच."

त्या इंच इंच मागं सरकत असतानाच बाजूच्या बोळातून माणसांचा लोंढा अंगणाच्या तोंडाशी आला. पुढं धावणारी पोरं, मागं डबे, पिशव्या, आणि काठी टेकत थोरली. "अगो बाई, ही काय लोटांगण घालतेय का आम्हाला?" थोरली म्हणाली, आणि सगळे हसत आत घुसायला लागले.

"जिथं आहात तिथं उभे राहा!"

हेडबाई अजून पालथ्याच होत्या, पण आवाज चारशे पोरांच्या पटांगणाचा होता. बावीसच्या बावीस माणसं जागच्या जागी थिजली. एका पोराचा एक पाय फरशीवर होता, तो त्यानं तसाच वर घेतला.

"मागं फिरा. रांगेनं. गल्लीत जा. धावायचं नाही, आपटत चालायचं नाही."

ते गेले. हेडबाई पायरीपाशी पोचल्या, गुण्यानं हाताला धरून वर ओढलं आणि कडी काढली. सूनबाई त्याच्या थोबाडीत मारायलाच बाहेर आली होती. पण तिच्या समोरच लिंबाचं झाड थरथरलं. वारा नव्हता. ते आधी एका बाजूला कललं, मग सरळ झालं, आणि मग कुणीतरी पायाला धरून खाली ओढावं तसं वाफ्यासकट वीतभर खाली बसलं. तिथंच अडकलं. भोवतीच्या फरश्या कडाकड तडकल्या. दोन बाकं आपसूक मधे घसरली, बसायला निघाल्यासारखी. सर्‌सर् आवाज आता थांबत नव्हता.

चिमणीनं आईच्या पदरात तोंड घातलं.

"फायर ब्रिगेडला लाव," हेडबाई सुनेला म्हणाल्या. मग गुण्याकडं वळल्या. ओरडतील असं त्याला वाटलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्या अगदी शांतपणे, हजेरी घ्यावी तशा म्हणाल्या, "अशी किती झाकणं घातलीत तुम्ही दोघांनी?"

गुण्याच्या तोंडात नेहमीप्रमाणे एक आकडा तयार होता. एकच बाई, हे एकच. तो त्यानं गिळला.

"पाच. हे धरून."

"कुठं कुठं?"

"पिठाच्या गिरणीमागं एक. टेम्पो उभे राहतात त्या मैदानात एक. जुन्या दवाखान्याच्या आवारात, जिथं बाकडी टाकलीत, तिथं." तो थांबला.

"चार झाली. पाचवं?"

गुण्या फरशीकडं बघत राहिला.

"मिस्त्री. पाचवं."

"तुमच्या शाळेत," तो म्हणाला. "मागच्या पटांगणात. पोरं प्रार्थनेला रांगा धरतात तिथं."

हेडबाईंचा हात दाराच्या चौकटीवर गेला. "ती मी बुजवून घेतली होती," त्या म्हणाल्या. "मुख्याध्यापिका झाल्यावर माझं पहिलं काम ते. कुणी पडू नये म्हणून. तुझा दादा येऊन माझ्याकडून सही घेऊन गेला. चहा दिला मी त्याला."

"उद्या सकाळी प्रार्थनेच्या आत सांगू बाई. आज रविवार आहे, शाळा बंद..."

"रविवारी पोरं खेळायला येतात तिथं," हेडबाई म्हणाल्या. "फाटकाला कुलूप लावायचं मीच बंद केलं."

त्यांनी चपला शोधल्या नाहीत. अनवाणीच बोळातून निघाल्या, गल्लीत रांगेनं उभ्या असलेल्या बहिणींच्या मधून, कुणाकडं न बघता. गुण्या मागोमाग धावला. धावता धावता त्यानं दादाला फोन लावला. घंटी वाजली, वाजली, आणि कापली गेली. त्यानं पुन्हा लावला. पुन्हा कापली गेली. पुढं हेडबाईंचं पाऊल वेग धरत होतं, आणि शाळा अजून दोन गल्ल्या लांब होती.